वरचा धुरा

कापसाच्या भावासाठी भांडणाऱ्यांनी जंगलाच्या भानगडीत कशाला पडायचे, असे आपल्यातलेच काही कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शेतातच आहे.

ज्वारीचा पेरा घटला तसा कडबा आटला. सोयाबीनच्या कुटारावर बैलजोडी निभत नाही. जनावर विकले की शेणखत संपते. शेणखत संपले की जमिनीतला सेंद्रिय कर्ब उतरतो, ओल टिकत नाही आणि पावसाने पंधरा दिवस ताण दिला की पऱ्हाटी पात्या गाळते. मग खताची पोती वाढतात, पाठोपाठ कर्जही. गावावरची टेकडी उघडी पडली म्हणजे पहिल्या पावसाचे पाणी माती घेऊन सरळ नाल्यात जाते. विहिरीला काही मिळत नाही. जंगल हा कोरडवाहू शेतीचा वरचा धुरा आहे. तो फुटला तर खालचे वावर वाचत नाही.

हा धुरा गावाच्या हातून गेला तो कायद्याने. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी इंग्रज सरकारने जंगले राखीव केली. इंग्रज गेले, कायदा राहिला. बांबू हे खरे तर गवत. कायद्याने त्याला झाड ठरवले. कागद कारखान्याला तो करारावर स्वस्तात मिळे आणि टोपल्या विणणारा बुरूड मात्र चोर ठरे. १९७२ साली सुरू झालेली कापसाची एकाधिकार खरेदी आपण भोगली आहे. पिकवणारा एक, भाव ठरवणारा दुसरा, हे दुखणे आपल्याला नवे नाही.

१ जून १९९० च्या केंद्राच्या परिपत्रकानंतर संयुक्त वनव्यवस्थापन आले. गावोगाव समित्या झाल्या. राखण गावाने करायची, शिक्का मात्र खात्याचा. काही गावांत झाडे वाढली, पण हक्क मिळाला नाही.

तो हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने दिला. या कायद्यात बांबू आणि तेंदूपान गौण वनोपज आहेत, त्यांची मालकी हक्कदारांची आहे आणि गावाच्या सामूहिक जंगलाची राखण व व्यवस्था ग्रामसभेकडे आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गाव भांडत राहिले. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर मिळाले. तेथील ग्रामसभा स्वतः बांबू विकते. तेंदूपानासाठी फांद्या तोडाव्या लागतात, आगी लागतात, म्हणून तिने तो पैसाच नाकारला. कोणत्याही साहेबाने असा ठराव केला नसता. अमरावतीचे पायविहीर तर आपल्याच कापूसपट्ट्याला लागून आहे. तेथे २०१२ मध्ये मिळालेल्या सुमारे १९० हेक्टर उजाड रानावर लोकांनी पाणी अडवले, झाडे लावली आणि सीताफळे गावाने मिळून विकली.

आता एक कडू गोष्ट. चराईबंदीचा ठराव हात वर करून पाच मिनिटांत होतो. त्याची किंमत शेळीवाला आणि सरपणाची मोळी आणणारी बाई भरते. ज्याच्या घरी दहा एकर आहेत त्याला बंदी परवडते, भूमिहीनाला नाही. म्हणून सगळी टेकडी एकदम बंद करू नये. तिचे भाग पाडून आळीपाळीने राखावेत, गवत कापून नेण्याची मोकळीक द्यावी आणि कापणीचा पहिला वाटा बिनजमिनीवाल्याला द्यावा. त्याला वगळून राखलेले जंगल रात्री तुटते. जमाखर्च दर सभेत मोठ्याने वाचला जावा. नाही तर खात्याच्या साहेबाच्या जागी गावातला साहेब बसेल, एवढाच फरक.

रानडुक्कर आणि रोही यांचा त्रास आम्ही विसरलेलो नाही. जंगल वाढले म्हणून पीक गमावण्याची सक्ती कोणावर नाही. नुकसानभरपाईचा आग्रह याच ग्रामसभेतून धरायचा आहे.

काम असे आहे. ग्रामसभा पाड्याची किंवा वस्तीचीही असू शकते. वनहक्क समिती निवडताना सभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज, जुने नकाशे आणि वडीलधाऱ्यांचे जबाब, यांतले किमान दोन पुरावे जोडायचे. बिगर-आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. ते जड आहे, म्हणून म्हातारी माणसे आहेत तोवर जबाब लिहून घ्या. ज्यांच्याजवळ जंगल नाही त्यांनी बांधावर बांबू लावावा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपले निस्तार पत्रक सोबत आणावे. भाषणे कमी करू, कागद वाचू. भाव मागणाऱ्याने आपला धुराही मागितला पाहिजे, आणि मिळाला की तो राखलाही पाहिजे.