सुजेवर पाणी तोडू नका

मा. संपादक,

‘पाय सुजले की पाणी कमी करा’ हा आपल्या लेखातला सल्ला मराठवाड्यात, तोही भर उन्हाळ्यात, घातक आहे.

अंगात पाणी साठण्यामागे पुष्कळदा मीठ असते. ते वाढले की मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. लोणचे, पापड, ठेचा, फरसाण यांनी ती मर्यादा सहज ओलांडली जाते. लेखात मिठाचा उल्लेखही नाही!

हृदय, मूत्रपिंड, यकृताच्या काही रुग्णांना डॉक्टर पाणी मोजून देतात, एवढे मान्य. पण तो नियम आमच्या शिवारात उन्हात पऱ्हाट्या उपटणाऱ्या बाईला कसा लावता? तिने पाणी तोडले तर सूज जाणार नाही, उष्माघात मात्र गाठेल. शेतावर आडोसा नाही म्हणून बाया आधीच कमी पाणी पितात. त्यात हा सल्ला.

एकाच पायाला दुखरी सूज, किंवा गरोदरपणी चेहरा-हात अचानक सुजणे, यात घरगुती उपाय नकोत. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हेही लेखात हवे होते. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, टेंभुर्णी (ता. जाफ्राबाद, जि. जालना)