दोनदा जेवलात, पण जेवलात काय?

लातूर-नांदेडकडे वजनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, 'दीक्षित की दिवेकर?' डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर बेतलेलं 'दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत जेवा' हे सूत्र डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर नेलं, तेव्हा ते लातूरच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. ऋजुता दिवेकर थोडं थोडं, वेळच्या वेळी खा म्हणतात. 2018 च्या सुमारास तर भिशीत आणि हळदीकुंकवातसुद्धा याचे दोन तट पडले होते!

मैत्रिणींनो, दीक्षितांच्या सांगण्यात गोड टाळा, प्रथिनं वाढवा, रोज 45 मिनिटं चाला हेही होतं. आपल्या लक्षात राहिलं ते फक्त 'दोनदा'. मग त्या दोन वेळांत तीन-तीन भाकरी, वर भात, आणि वरण म्हणजे नुसतं पिवळं पाणी. वजन हलत नाही, आणि दुपारी चक्कर येते ती वेगळीच.

हिशोब सोपा आहे. कर्बोदकं आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅमला 4 कॅलरी, तेला-तुपाच्या ग्रॅमला 9. बैठं काम करणाऱ्या 55 किलोच्या बाईला दिवसाला साधारण 1660 कॅलरी आणि 46 ग्रॅम प्रथिनं लागतात, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. वजन उतरवायचं तर कॅलरी थोड्या कमी करायच्या, प्रथिनं नाही. प्रथिनं तोडली की चरबीबरोबर अंगातली ताकदही जाते.

आता उपवासाचंच बघा ना. साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय जवळजवळ काही नाही. त्यात बटाटा, मूठभर कूट आणि सढळ हाताने तूप. एका ताटलीत 500-600 कॅलरी सहज जातात, म्हणजे दोन ज्वारीच्या भाकरी आणि वाटीभर मटकीच्या उसळीएवढ्या! उसळ-भाकरीत मात्र पंधरा-अठरा ग्रॅम प्रथिनं मिळतात, खिचडीत त्याच्या निम्मीही नाहीत, आणि जी आहेत ती कुटाची. बरं, आपले उपवास किती? चतुर्थी, एकादशी, गुरुवार, श्रावणी सोमवार...

शेंगदाणा वाईट नाही, पण त्यात निम्मं तेलच असतं. शेंगाचटणी चमचाभर खावी, वाटीभर नको. फोडणीची पळीही एकदा मोजून बघा. मोठा चमचाभर तेल म्हणजे 120 कॅलरी.

खरी गोम वेगळीच आहे. लातूरची तूरडाळ देशभर जाते, सोयाबीन तर शेताशेतात आहे. पण घरातली बाई सगळ्यांच्या मागून जेवते. तोवर उसळ संपलेली असते, वरणाचा तळ उरलेला असतो, आणि 'वाया कशाला घालवायचं' म्हणून उरलेला भात तिच्याच पानात. म्हणजे कॅलरी भरपूर, प्रथिनं शून्याकडे. वर सगळे म्हणतात, 'काही खात नाही, तरी अंग कसं सुटतं गं?' तेव्हा वाढायला घेण्याआधी आपली उसळीची वाटी बाजूला काढून ठेवा. सासूबाई बघतील, बघू देत, त्यांचीही काढा. डाळ घट्ट शिजवा, एखादी भाकरी कमी घ्या, जोडीला ताक किंवा, चालत असेल तर, अंडं.

आणि हो, साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, तर शेजारणीचं ऐकून जेवणाच्या वेळा तोडू नका. आधी डॉक्टरांना विचारा.