सही साहेबाची, अटक वॉचमनची : प्रकल्प व्यवस्थापकाची जबाबदारी कायद्याने ठरली पाहिजे

30 ऑक्टोबर 2022 रोजी गुजरातमधील मोरबीचा झुलता पूल तुटला आणि 135 माणसे मेली. पोलिसांनी लगेच नऊ जणांना अटक केली. त्यात कंपनीचे दोन व्यवस्थापक आणि दुरुस्तीचे दोन कंत्राटदार होते. उरलेले पाच कोण? दोन तिकीट विकणारे आणि तीन सुरक्षारक्षक! पूल खुला करण्याचा निर्णय यांचा होता का? कंपनीचा मुख्य संचालक गजाआड जायला जानेवारी 2023 उजाडला.

आता मुंबईकडे पाहा. 14 मार्च 2019 रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळून सात जणांचा जीव गेला. त्या पुलाला किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे, असा अहवाल आधीच आला होता. यावेळी अटक झाली ती संरचनात्मक तपासणी करणाऱ्या अभियंत्याला आणि महापालिकेच्या अभियंत्यांना. कारण काय, तर कागदावर सही होती. जिथे नावानिशी सही असते, तिथे तपास वरपर्यंत जाऊ शकतो. जिथे ती नसते, तिथे वॉचमन सापडतो.

म्हणून मुद्दा सरळ आहे. प्रत्येक कामावर एक पात्र माणूस नावानिशी जबाबदार असला पाहिजे आणि ते नाव काम सुरू होण्याआधी कागदावर आले पाहिजे.

आज स्थिती काय आहे? डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद यांच्यासाठी कायदे आहेत, परिषदा आहेत. गंभीर चूक केली तर सनद जाते. प्रकल्प व्यवस्थापकासाठी असे काहीच नाही. 'पीएमपी'सारखी प्रमाणपत्रे आहेत, त्यासाठी अनुभव आणि परीक्षाही लागते. पण ती खासगी संस्थेची आहेत. ती नसली तरी काम मिळते, रद्द झाली तरी माणूस दुसऱ्या साइटवर रुजू होऊ शकतो. महाराष्ट्रात 2023 पासून घर विकणाऱ्या एजंटला महारेराचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. ते घर बांधून घेणाऱ्या व्यवस्थापकाला मात्र अशी परीक्षा नाही. विटेपेक्षा विक्री महत्त्वाची झाली का?

कायदा अगदीच नाही असे नाही. हयगयीने मृत्यू घडवल्यास पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार ती पाच वर्षांपर्यंत होऊ शकते. पण हयगय नेमकी कुणाची, हे सिद्ध करताना मुख्य कंत्राटदार पोटकंत्राटदाराकडे बोट दाखवतो, पोटकंत्राटदार मुकादमाकडे आणि मुकादम मेलेल्या मजुराकडे. 'त्यानेच पट्टा लावला नव्हता.'

हा प्रश्न आपल्या वस्तीत रोज येतो तो गटाराच्या तोंडाशी. सांडपाण्याच्या वाहिनीत गुदमरून मरणारे बहुतेक दलित असतात. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात उतरवण्यावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये मृताच्या कुटुंबाची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. भरपाई मिळालीच पाहिजे. पण 'खाली उतर' असे सांगणाऱ्याला शिक्षा क्वचितच होते. पैसे देऊन फाईल बंद होणार असेल, तर पुढचा मृत्यू ठरलेलाच!

एक काळजी मात्र घेतली पाहिजे. मुदत आणि पैसा वरचे ठरवतात आणि जबाबदारी पगारी व्यवस्थापकावर ढकलतात, असे झाले तर तोही मोरबीचा तिकीटवालाच ठरेल. आपली शिकलेली मुलेही आज साइट इंजिनिअर म्हणून याच जागी उभी आहेत. म्हणून जबाबदारीबरोबर अधिकारही हवा. धोका दिसला तर काम थांबवण्याचा लेखी अधिकार व्यवस्थापकाला हवा आणि त्यासाठी त्याची नोकरी जाता कामा नये. त्याचा आदेश डावलून काम चालू ठेवणारा संचालक किंवा अधिकारी मग आपोआप आरोपी ठरेल.

तरुणांनो, कायदा होईल तेव्हा होईल, आज हातात माहितीचा अधिकार आहे. आपल्या प्रभागात रस्ता, नाला, इमारत असे कोणतेही सरकारी काम सुरू असेल तर अर्ज टाका. कार्यादेशाची प्रत मागा. जागेवर जबाबदार कोण, त्याची पात्रता काय, सुरक्षा आराखडा कुठे आहे, हे विचारा. या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही आहे, तो वापरा. अपघातानंतर मोर्चा काढण्याआधी, अपघातापूर्वी हे नाव मिळवा. उद्या काही घडलेच, तर तपास वॉचमनपाशी थांबणार नाही.