नाक मुरडण्याआधी: आपल्या काऊंटीचे कॉलेज

एडिसन ॲकॅडमी मॅग्नेट स्कूलमध्ये प्रवेश मिळावा म्हणून न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काऊंटीतले मराठी पालक मुलांच्या मागे हात धुऊन लागतात. ही शाळा भरते मिडलसेक्स कॉलेजच्या आवारात. त्याच आवारात पुढची दोन वर्षे काढण्याचा विषय घरात निघाला, की मात्र चेहरे उतरतात. कम्युनिटी कॉलेज म्हणजे कुठेच प्रवेश न मिळालेल्यांची सोय, हा आपल्यातला समज पक्का आहे आणि माझ्या मते तो चुकीच्या मोजपट्टीतून आला आहे. रटगर्ससारखे विद्यापीठ दूरदूरहून विद्यार्थी निवडते आणि किती जणांना नाकारले यावरही त्याचा मान ठरतो. काऊंटीचे कॉलेज दार उघडे ठेवण्यासाठीच काढलेले असते. त्याला मोजायचे तर आसपासच्या माणसांची कोणती नड भागली, यावरूनच मोजायला हवे.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. कॉलेजची पहिली दोन वर्षे गावातच शिकता यावीत म्हणून इलिनॉयमधल्या जोलिएट गावात १९०१ मध्ये ज्युनिअर कॉलेज निघाले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये अशी कॉलेजे देशभर, घरून जाऊन-येऊन शिकता येईल इतकी जवळ आणि फी न घेता चालावीत, अशी शिफारस केली. न्यू जर्सीने १९६२ मध्ये काऊंटी कॉलेजांचा कायदा केला आणि १९६६ मध्ये रॅरिटन आर्सेनल या लष्कराच्या जुन्या शस्त्रागाराच्या जागेवर मिडलसेक्सचे वर्ग सुरू झाले. खर्चाची मूळ वाटणी सरळ होती: एक तृतीयांश राज्य, एक तृतीयांश काऊंटी, एक तृतीयांश विद्यार्थी. राज्याने पुढे हात आखडता घेतला आणि बोजा विद्यार्थ्यांच्या अंगावर आला. काऊंटीचा वाटा आपण भरतो त्या प्रॉपर्टी टॅक्समधून जातो. ज्याचे नाव चारचौघांत घ्यायला आपण कचरतो, त्या कॉलेजचे आपण वर्षानुवर्षांचे वर्गणीदार आहोत.

या वर्गणीतून मिळते काय? एडिसन आणि न्यू ब्रन्सविकच्या मोठ्या रुग्णालयांना सतत लागणाऱ्या नर्सेस आणि एक्स-रे तंत्रज्ञ इथल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांतून तयार होतात. चार वर्षांची पदवी घेतलेला इंजिनिअर सिअॅटलला निघून जाईल. इथे शिकलेली नर्स बहुधा इथेच घर करते, इथल्याच रात्रपाळ्या करते. दातांच्या स्वच्छतेचे शिक्षण घेणारे विद्यार्थी देखरेखीखाली माफक दरात रुग्ण तपासतात, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या, दातांचा विमा नसलेल्या आईवडिलांना ही सोय किती मोलाची आहे ते सांगायला नको. न्यू ब्रन्सविक आणि पर्थ ॲम्बॉयच्या केंद्रांमुळे नव्याने आलेल्या स्पॅनिशभाषक कुटुंबांना इंग्रजीपासून सुरुवात करता येते. आपल्याकडच्याही अनेकींना हा रस्ता उपयोगी आहे. नोकरी करणाऱ्या जोडीदाराबरोबरच्या एच-४ व्हिसावर कामाची परवानगी नसली तरी शिक्षणाला आडकाठी नसते, आणि भारतातली पदवी इथल्या परवान्याला पुरत नसेल तर अडलेले दोन-चार विषय पूर्ण करायला विद्यापीठाची फी कशाला भरायची?

सर्वांत जड आक्षेप आकड्यांचा आहे: इथे येणारे बहुतेक जण पदवीपर्यंत पोहोचतच नाहीत. यातला काही भाग हिशेबाच्या पद्धतीचा आहे. केंद्र सरकारचा रूढ पदवी-दर पहिल्यांदाच आणि पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यांचाच काढला जातो. वर्षभर शिकून रटगर्सला गेलेली मुलगी त्यात उत्तीर्ण म्हणून धरली जात नाही. तरी एवढ्यावर आक्षेप उडवून लावणे अप्रामाणिक होईल. देशभरात या विद्यार्थ्यांपैकी साधारण तिसरा हिस्साच चार वर्षांच्या कॉलेजात जातो आणि त्यातले निम्मेच सहा वर्षांत पदवी घेतात. मात्र हे दैव नव्हे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत 'ॲसॅप' हा कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिकण्याची अट, वारंवार भेटणारा सल्लागार, शिकवणी, पुस्तकांना मदत आणि प्रवासासाठी मेट्रोकार्ड, इतकाच मामला होता. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून घेतलेल्या चाचणीत तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण कार्यक्रमाबाहेरच्यांत २२ टक्के, तर कार्यक्रमातल्यांत ४० टक्के निघाले. मुले सारखीच होती, बुद्धीही सारखीच. प्रवासभाड्याचे पैसे आणि विचारपूस करणारे माणूस यांनी फरक पडला, आणि या गोष्टी विकत घेता येतात.

दुसरा आक्षेप आपल्या मुलांपुरता: क्रेडिट वाया जातात. जातात खरे, केंद्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१७ च्या अहवालाने कॉलेज बदलणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट बुडतात असा अंदाज दिला होता. पण न्यू जर्सीत २००७ च्या लॅम्पिट कायद्याने काऊंटी कॉलेजची ए.ए. किंवा ए.एस. पदवी राज्याच्या सरकारी विद्यापीठांत पहिली दोन वर्षे म्हणून धरावी लागते. नोकरीभिमुख ए.ए.एस. पदवीला हे संरक्षण नाही, म्हणून आधी नीट चौकशी करावी. चांगल्या विद्यापीठात प्रवेश आणि भरघोस शिष्यवृत्ती हातात असलेल्या मुलाने तिकडेच जावे, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो डोक्यावर कर्ज घेऊन केवळ नावासाठी दूर जाण्याबद्दल. रयतेची मुले शिकावीत म्हणून गावकऱ्यांच्या देणग्यांवर कर्मवीर भाऊराव पाटलांनी उभी केलेली संस्था ज्यांच्या अभिमानाचा विषय आहे, त्यांना तरी गावच्या पैशावर चालणारे कॉलेज कमी दर्जाचे वाटू नये.

ग्रीन कार्डची वाट बघणाऱ्याला मत नाही, मग कॉलेजच्या कारभारात त्याने काय करायचे, असे विचारले जाते. या कॉलेजचे बहुतेक विश्वस्त काऊंटी नेमते, थोडे गव्हर्नर. त्यांच्या बैठका कायद्यानेच लोकांसाठी खुल्या असतात, आणि दारात मतदार ओळखपत्र कोणी मागत नाही. मराठी मंडळाने गणेशोत्सवाच्या बैठकांमधून सवड काढून वर्षातून दोनदा चार माणसे तिथे पाठवली तरी विचारण्यासारखे पुष्कळ आहे: एका सल्लागाराच्या वाट्याला किती विद्यार्थी येतात, दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी कोणते वर्ग चालतात, आणि पर्थ ॲम्बॉयच्या विद्यार्थ्याने गाडीशिवाय मुख्य आवारात वेळेवर कसे पोहोचायचे.