हृदय यंत्राचे, पण वीज कुणाची?

१९८२ मध्ये अमेरिकेत बार्नी क्लार्क यांच्या छातीत कृत्रिम हृदय बसवले. ते ११२ दिवस जगले, पण रुग्णालयातच. हृदयाला हवेचा दाब पुरवणारे यंत्र तेव्हा फार अवजड होते. पुढे हे यंत्र सुमारे ६ किलोचे झाले, पाठीवरच्या पिशवीत मावू लागले. मिशिगनचा स्टॅन लार्किन हा काळा तरुण ते पाठीवर घेऊन ५५५ दिवस जगला, तेही स्वतःच्या घरी. २०१६ मध्ये त्याला दात्याचे हृदय मिळाले.

विज्ञानाने माणसाला खाटेपासून सोडवले. पण कोणत्या माणसाला? हा आमचा प्रश्न आहे.

आपल्याकडे यापेक्षा अधिक वापर होतो तो निकामी हृदयाला मदत करणाऱ्या पंपाचा. हार्टमेट ३ हा त्यातलाच एक. त्याची वायर पोटातून बाहेर येते आणि कमरेच्या कंट्रोलरला जोडली जाते. बॅटऱ्यांची जोडी जास्तीत जास्त १७ तास चालते. झोपताना यंत्र घरच्या विजेवर लावावे लागते. वायरच्या जागी जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ड्रेसिंग लागते, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे वारंवार रक्ततपासणी लागते. म्हणजे रुग्ण घरी जातो तेव्हा अर्धे रुग्णालय घरी न्यावे लागते.

आता आपल्या खान्देशातली वस्ती डोळ्यासमोर आणा. भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार होते. पण मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, डीपी जळते आणि वस्ती अंधारात बसते. थकबाकी झाली की मीटर काढून नेतात. ज्याचे काळीज प्लगवर चालते, त्याच्यासाठी हे बिल नसून फाशीचा हुकूम आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, "आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, तिथे कृत्रिम हृदयाच्या गप्पा कशाला?" आम्ही म्हणतो, हीच ती मनुवादी वाटणी: त्यांना यंत्र, आपल्याला गोळी. १९६८ मध्ये डॉ. प्र. के. सेन यांनी हृदय प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया केली ती केईएममध्ये, महापालिकेच्या रुग्णालयात. मोठे विज्ञान सरकारी दवाखान्यात येऊ शकते, हे तेव्हाच दिसले. आणि आज वस्तीत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर झोपणारा म्हातारा त्याच प्लगवर अवलंबून आहे.

बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये विमा सरकारच्या मालकीचा आणि प्रत्येक प्रौढाला सक्तीचा असावा असे मांडले. वीज आणि विमा, दोन्ही त्यांनी नफ्याच्या हाती सोडले नाहीत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, पैसे नाहीत हे कारण देऊन सरकारला कलम २१ ची जबाबदारी झटकता येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. महात्मा फुले योजनेच्या ५ लाखांच्या मर्यादेत असा पंप बसत नाही. त्यासाठी वेगळी तरतूद करा. यंत्रे, बॅटऱ्या सरकारी रुग्णालयाच्या मालकीच्या ठेवून रुग्णाला वापरायला द्या. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत या रुग्णांची देखभाल करणारे प्रशिक्षित पथक नेमा. घरी जीवरक्षक यंत्र असलेल्या घरांची नोंद करा, त्यांची वीज तोडण्यास बंदी घाला.

३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण हजारोंनी जमतो. या वेळी अभिवादनासोबत या मागण्यांचे निवेदनही घेऊन या. आपल्या माणसाचे काळीज कुणाच्या मेहेरबानीवर धडधडता कामा नये.

जय भीम!