उपासनामंदिरातील पाहुणे आणि यजमान

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या महामार्गावर आष्टी तालुक्यातील तळेगाव लागते. महाराष्ट्रात तळेगावे इतकी, की दाभाडे, ढमढेरे, दशासर असे काहीतरी मागे जोडल्याखेरीज पत्र ठिकाणी पोहोचायचे नाही. वर्धा जिल्ह्यातील या तळेगावाच्या वाट्याला श्यामजी पंत आले. रस्त्यावरचे गाव म्हटले की परमुलखातील माणसांची ये-जा ओघानेच आली. पण माणसांप्रमाणे धर्मसंस्थाही प्रवास करून येतात, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. कॅथलिक चर्चच्या नकाशात तळेगाव, आणि त्याबरोबर सगळा वर्धा जिल्हा, शेजारच्या नागपूर महाधर्मप्रांतात मोडत नाही. तो मोडतो चांदा धर्मप्रांतात, आणि हा धर्मप्रांत केरळातील सिरो-मलबार चर्चचा आहे. मुंबईत किंवा पुण्यात मल्याळी ख्रिस्ती हा बाहेरून आलेला पाहुणा मानला जातो. वर्ध्यात मात्र बाहेरून आलेली मंडळीच यजमान झाली आहे.

स्थलांतर करून आलेल्या ख्रिस्ती समाजांच्या उपासनेला चर्चने कोणते आणि किती साहाय्य करावे, हा प्रश्न अलीकडे जगभर चर्चिला जात आहे. पुण्यात शिकणारे आफ्रिकी विद्यार्थी, नागालँड-मिझोरममधून नोकरीसाठी आलेले तरुण, मुंबईतील तमिळ कामगार, छोटा नागपूरच्या पठारावरून आलेले आदिवासी मजूर या सर्वांना रविवारी कोठेतरी आपल्या भाषेत देवाचे नाव घ्यावयाचे असते. त्यावर नेहमीचे उत्तर असे, की मंदिर सर्वांना खुले आहे, त्यांनी खुशाल यावे. हे उत्तर उदार वाटते. वस्तुतः त्यात फारसे औदार्य नसते. दार उघडे ठेवणे आणि घरात जागा देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि या वादाचे सगळे मर्म त्या भेदात आहे.

कॅथलिक चर्चने निदान कागदावर तरी हा भेद लवकर ओळखला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लक्षावधी माणसे देशोधडीला लागली होती. 1952 साली पोप बारावे पायस यांनी स्थलांतरितांविषयी एक विस्तृत घटनापत्र काढले आणि त्याच्या आरंभी इजिप्तमध्ये आश्रयाला गेलेल्या नाझरेथच्या पवित्र कुटुंबाचे स्मरण केले. स्थलांतरितांना त्यांच्या भाषेचा धर्मगुरू मिळावा, आवश्यक तेथे त्यांचा स्वतंत्र धर्मग्राम असावा, असे त्यात सांगितले होते. म्हणजे परक्याने आधी यजमानाची भाषा शिकावी आणि मग प्रार्थना करावी, ही अट चर्चने स्वतःच बाजूला ठेवली. पापाची कबुली परभाषेत देणे किती अवघड असते, हे रोमला कळले होते म्हणायचे.

इंग्लंडात याच्या उलट घडले. 1948 साली ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज वेस्ट इंडीजमधील माणसांना घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले. त्यांच्यापैकी आणि त्यांच्यामागून आलेल्यांपैकी अनेक जण जन्माने अँग्लिकन होते. तीच प्रार्थनापुस्तके, तीच गीते आणि भाषाही तीच. तथापि कित्येक मंदिरांत गोऱ्या भाविकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, क्वचित धर्मगुरूनेच पुन्हा न येण्याचे सुचविले. तेव्हा या लोकांनी घरांच्या दिवाणखान्यांत आणि भाड्याच्या सभागृहांत आपल्या स्वतंत्र मंडळ्या उभारल्या. पुढे इंग्लिश मंदिरे ओस पडू लागली आणि या मंडळ्या मात्र भरल्या. 2020 साली चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने वंशभेदाबद्दल क्षमायाचना केली. तोवर अपमान सोसलेल्यांपैकी बहुतेकांची आयुष्ये सरली होती. येथे अडसर भाषेचा नव्हता, रंगाचा होता, आणि हे महाराष्ट्रातील मंडळ्यांनीही ध्यानात ठेवलेले बरे. आफ्रिकी विद्यार्थी शेजारी येऊन बसला म्हणजे बाकावर थोडे सरकून बसणारे भाविक आपल्याकडेही आढळतात. आणि जातीची शिवण ख्रिस्ती मंडळ्यांतून अजून पुरती उसवलेली नाही, ती वेगळीच कथा.

आपल्याकडील मोठा प्रयोग कल्याणचा. मुंबई, पुणे, नाशिक या पट्ट्यात रोजगारासाठी आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांकरिता पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1988 साली कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापला. त्याच्या आदल्या वर्षी भारतातील बिशपांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी पौर्वात्य परंपरेच्या भाविकांना केरळाबाहेरही आपल्या विधींप्रमाणे उपासना करता आली पाहिजे, असे स्पष्ट केले होते. एकाच शहरात दोन बिशप, दोन विधिपरंपरा, दोन नोंदवह्या ही कल्पना अनेकांना रुचली नाही. धर्मैक्याला बाध येईल, प्रांतीयता बळावेल, असे आक्षेप तेव्हा घेतले गेले आणि आजही घेतले जातात. ते अगदीच पोकळ नव्हते. मुंबईत जन्मलेल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या मल्याळी मुलामुलींचा स्नेह शेजारच्या लॅटिन धर्मग्रामाशी जुळलेला असे. आजोबांच्या परंपरेत परत जाण्याचे त्यांना अगत्य वाटलेच पाहिजे, असा नियम करता येत नाही. तरीही एकंदरीत पाहता कल्याणचा निर्णय योग्य होता असेच म्हणावे लागते. 2025 साली कल्याणला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. ज्या समाजाला स्वतःची संस्था नसते त्याला यजमानाच्या मर्जीवर राहावे लागते, आणि मर्जी हा काही हक्क नव्हे.

शिवाय या बाबतीत मराठी माणसाने फार ताठ भूमिका घेऊ नये. लंडनमध्ये 1932 साली महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून जगात जेथे जेथे मराठी कुटुंबे गेली तेथे तेथे भाड्याच्या सभागृहांत गणपती बसले, मराठीतून आरत्या झाल्या, आणि त्यात त्या त्या देशाचा अनादर आहे असे कोणाला वाटले नाही. मग वसईच्या किंवा वर्ध्याच्या वाटेवर मल्याळी किंवा तमिळ प्रार्थना कानी पडली तर कपाळाला आठ्या का पडाव्यात?

येथवर पाहुण्याची बाजू झाली. वर्धा-चंद्रपूरचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तेथे नाण्याची दुसरी बाजू दिसते. 1962 साली नागपूर महाधर्मप्रांतातून चांदा, वर्धा आणि आंध्रातील आदिलाबाद हे जिल्हे वेगळे काढून त्यांचे स्वतंत्र धर्मक्षेत्र करण्यात आले व ते केरळातील कार्मेलाइट धर्मगुरूंकडे सोपविण्यात आले. त्यापूर्वी केरळचा धर्मगुरू उत्तरेकडे आला की त्याला आपली परंपरा सोडून लॅटिन विधी स्वीकारावे लागत. चांद्यात प्रथमच त्याला आपल्या विधींसह येता आले. 1977 साली या क्षेत्राचा पूर्ण धर्मप्रांत झाला आणि 1999 मध्ये आदिलाबाद वेगळे निघाले. योगायोग असा, की ज्या 1962 साली हे धर्मगुरू वैनगंगेच्या आणि वर्धेच्या खोऱ्यात आले, त्याच वर्षी केरळात त्यांच्या मिस्सात सिरियाक भाषेच्या जागी मल्याळम आली होती. मातृभाषेत देवाशी बोलण्याचा आनंद त्यांना नुकताच लाभला होता. तो आनंद मराठी आणि गोंडी बोलणाऱ्या भाविकांनाही मिळाला पाहिजे, ही जबाबदारी त्यातूनच येते.

या जबाबदारीचे उत्तम दाखले महाराष्ट्राच्या भूमीत व तिच्या शेजारी पडलेले आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून गोव्यात आले आणि 1616 साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीत छापले गेले. नागपुरात 1845 साली आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची भाषा, त्यांच्या कथा आणि गीते टिपून ठेवली. 1863 साली टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले आणि त्यांची टिपणे पुढे रिचर्ड टेम्पल यांनी प्रसिद्ध केली. या दोघांच्या धर्मप्रसाराविषयी कोणाचे काहीही मत असो, यजमानाची भाषा शिकण्याचे कष्ट त्यांनी टाळले नाहीत, हे नाकारता येणार नाही.

त्याच नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा चर्चनी आपापली नावे विसर्जित करून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स हे भेद इंग्लंड-अमेरिकेच्या इतिहासातून आलेले. विदर्भातल्या शेतकऱ्याला किंवा शिक्षकाला त्यांच्याशी काय कर्तव्य? ते टाकून देण्यात शहाणपण होते. परंतु पंथांची नावे पुसली तरी भाषांची कुंपणे शिल्लक राहतात. मोठ्या शहरांतील एकाच मंदिरात सकाळी इंग्रजी, मग मराठी किंवा हिंदी, आणि सायंकाळी उरलेल्या वेळात तमिळ वा तेलुगू उपासना होते. या मंडळ्या एकमेकांची ओळख न होता एकाच दरवाजातून येतात आणि जातात. इमारतीची डागडुजी कोणी करायची, वर्गणीचा हिशेब कोणी ठेवायचा, कार्यकारिणीवर कोण बसायचे हे मात्र बहुधा एकच मंडळी ठरवते. सायंकाळच्या मंडळीला किल्ली मिळते, मत मिळत नाही.

चर्चच्या साहाय्याची कसोटी येथे लागते. खोली देणे सोपे असते. खोलीचे भाडे घेऊन वर उपकाराची भाषा करणे त्याहून सोपे असते. स्थलांतरितांच्या प्रतिनिधीला कार्यकारिणीवर घेणे, त्यांच्या धर्मगुरूच्या वेतनाचा भार सामायिक निधीतून उचलणे, वर्षाकाठी काही उपासना सर्व भाषिकांनी एकत्र करणे आणि तीत पाहुण्यांचेही एखादे गीत यजमानांनी शिकून म्हणणे, हे अवघड. बंगळूरच्या महाधर्मप्रांतात कन्नड आणि तमिळ उपासनेचा वाद कित्येक दशके धुमसत राहिला, तो एवढ्याचसाठी. कोणत्या भाषेत किती मिस्सा व्हावेत, ही तर वरवरची तक्रार होती. निर्णय कोणाच्या हातात, हा खरा सवाल होता.

वर्धा जिल्ह्याला तर या बाबतीत वेगळीच पुण्याई लाभलेली आहे. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचा संसार उभा करणारे जे. सी. कुमारप्पा हे तंजावरकडचे तमिळ ख्रिस्ती. सेवाग्रामला नयी तालीमची धुरा वाहणारे आर्यनायकम हे सिलोनमधील तमिळ ख्रिस्ती. दोघांनाही मराठी मुलखाने परके मानले नाही. आश्रमाच्या सायंप्रार्थनेत गीता, कुराण, ख्रिस्ती भजन एकापाठोपाठ येत, आणि कोणाचे कोणते हे विचारण्याची गरज कोणाला भासत नसे. कुमारप्पांनी 1945 साली येशूच्या शिकवणीवर पुस्तक प्रसिद्ध केले. साम्राज्याच्या सावलीत सुखाने बसलेल्या चर्चवर त्यांनी केलेली टीका तर फार झणझणीत होती. अर्थात आश्रम आणि धर्मग्राम यांची तुलना फार ताणू नये. आश्रमात येणारा माणूस स्वतःहून पुष्कळ काही मागे टाकून आलेला असतो. रुग्णालयात रात्रपाळी करून आलेल्या केरळच्या परिचारिकेकडून रविवारी सकाळी तेवढ्या संन्यासाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तिला अर्धा तास का होईना, आईच्या भाषेतील प्रार्थना हवी असते.

पण तिच्या मुलांचे काय? ती वर्ध्याच्या किंवा आर्वीच्या शाळेत जातात, वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतात, सुट्टीत कोट्टयमला गेली की आजीचे निम्मे बोलणे त्यांना कळत नाही. ही मुले पाहुणे नव्हेत, आणि त्यांच्या बाकावर शेजारी बसणारा गोंड किंवा मराठी भाविकही पाहुणा नव्हे. चांदा धर्मप्रांताला सहा दशके उलटून गेली आहेत. धर्मशिक्षणाचे वर्ग, विवाहापूर्वीचे मार्गदर्शन, अंत्यविधीची प्रार्थना या मुलांना कोणत्या भाषेत मिळणार, आणि केरळातून नव्याने येणाऱ्या तरुण धर्मगुरूला खेड्यावर पाठविण्याआधी वर्षभर तरी मराठी, आणि गडचिरोलीकडे जाणाऱ्याला गोंडी, शिकविली जाणार की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आता तेथील यजमानांकडे, म्हणजे एके काळच्या पाहुण्यांकडे आहे.