गुप्त बोली आणि ‘चौसष्ट’ कंपनी : वेल्श हायलँड रेल्वेचा खरा वाद

१/ उत्तर वेल्समधील वेल्श हायलँड रेल्वेची कथा आज एका गोड वाक्यात आटोपली जाते : स्वयंसेवकांच्या प्रेमाने मृत रेल्वे पुन्हा जिवंत झाली. हे अर्धसत्य आहे. ही रेल्वे मेली ती कर्जाने. आणि तिचा पुनर्जन्म वर्षानुवर्षे कचेऱ्यांत अडकला तो रेल्वेप्रेमी म्हणवणाऱ्यांच्याच आपसांतील झगड्यामुळे. तो झगडा नेमका कशासाठी होता, याचा हा धागा.

२/ आधी भूगोल. पोर्थमॅडॉग हे लहानसे बंदर. तेथे दोन अरुंदमापी मार्ग येऊन मिळतात. दोन्हींच्या रुळांतील अंतर सुमारे दोन फूट, म्हणजे जवळजवळ माथेरानच्या गाडीइतकेच. पहिला मार्ग फेस्टिनिऑग : १८३२ च्या पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झालेला, १८३६ मध्ये सुरू झालेला. डोंगरातील खाणींचा पाटीचा दगड भरलेल्या वाघिणी उतारावरून स्वतःच्या भाराने खाली येत आणि रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून नेत.

३/ दुसरा मार्ग वेल्श हायलँडचा, स्नोडन पर्वताच्या कुशीतून जाणारा. त्याचा उत्तरेकडील भाग एका जुन्या कंपनीने १८७७ पासून चालवला आणि ती कंपनी लवकरच कर्जात बुडाली. धनकोंच्या वतीने तिच्यावर रिसीव्हर नेमला गेला : जेम्स चोल्मली रसेल. पुढे तोच कंपनीचा अध्यक्ष झाला. १९०६ मध्ये बांधलेल्या इंजिनाला त्याचेच नाव मिळाले. या रेल्वेचे सर्वांत लाडके इंजिन एका रिसीव्हरच्या नावाने ओळखले जाते, यातच तिचे प्राक्तन दिसते.

४/ १९२२ मध्ये नवी वेल्श हायलँड कंपनी स्थापन झाली आणि १९२३ मध्ये मार्ग पोर्थमॅडॉगपर्यंत पोहोचला. पैसा आला तो मुख्यतः सरकार आणि स्थानिक परिषदांनी घेतलेल्या कर्जरोख्यांतून. अध्यक्ष हेन्री जॅक हे फेस्टिनिऑगच्याही अध्यक्षपदी होते आणि परगण्याच्या परिषदेतही त्यांचे स्थान होते. कर्ज देणारी संस्था, कर्ज घेणारी कंपनी आणि शेजारची कंपनी, तिन्हीकडे तेच चेहरे. चुकत असल्यास ‘थांबा’ म्हणणारा तटस्थ माणूसच रचनेत उरला नव्हता.

५/ १९२७ मध्ये या कंपनीवरही रिसीव्हर आला. १९३४ मध्ये फेस्टिनिऑगने हा मार्ग भाडेपट्ट्याने चालवायला घेतला, पण तोटा थांबला नाही. १९३६ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, पुढच्या वर्षी मालगाड्याही. १९४१ मध्ये युद्धासाठी रूळ उखडले गेले आणि १९४४ मध्ये कंपनी गुंडाळण्याचा आदेश निघाला. पण गुंडाळण्याचे काम कधी पुरे झालेच नाही. रुळांखालची जमीन सरकारी अवसायकाच्या ताब्यात, मालकी एका अर्धमृत कंपनीची. पुढच्या साऱ्या वादाचे बीज या जमिनीत आहे.

६/ फेस्टिनिऑग १९४६ मध्ये बंद पडली, पण तिची जमीन मात्र शाबूत राहिली. १८३२ च्या कायद्यात मार्ग सोडून देण्याची तरतूदच नव्हती. त्यामुळे नवा कायदा केल्याविना कंपनीला तो मोडीत काढता येईना. १९५४ मध्ये ॲलन पेग्लर यांनी कंपनीवर नियंत्रण मिळवले आणि १९५५ मध्ये गाड्या पुन्हा धावू लागल्या. प्रेम होतेच, पण ते यायच्या आधी शतकभरापूर्वीच्या कायद्यातील एका उणिवेने रेल्वे राखून ठेवली होती.

७/ पेग्लर यांनी नियंत्रक समभाग एका धर्मादाय न्यासाकडे दिले. तेव्हापासून तेथे तीन संस्था नांदतात : रेल्वे चालवणारी कंपनी, समभाग सांभाळणारा न्यास आणि वर्गणी व श्रम पुरवणारी सदस्यांची सोसायटी. ब्रिटनमधील कितीतरी वारसा-रेल्वेंची घडण अशीच आहे. तिच्यातील मर्म तरुण अभ्यासकाने ध्यानात ठेवावे : घाम एका संस्थेचा, मालकी दुसरीची आणि निर्णय तिसरीचा. तिघांत विश्वास असेल तोवर ही रचना उत्तम चालते.

८/ इकडे वेल्श हायलँडच्या चाहत्यांनी १९६४ मध्ये स्वतःची कंपनी काढली. तिला आजही ‘चौसष्ट’ कंपनी म्हणतात. अवसायकाकडून जमीन मिळेना, म्हणून तिने पोर्थमॅडॉगमध्ये शेजारची एक जागा घेतली आणि १९८० मध्ये मैलभराहूनही लहान मार्ग सुरू केला. तिच्या स्वयंसेवकांनी ‘रसेल’ इंजिन दुरुस्त करून १९८७ मध्ये पुन्हा वाफेवर आणले. जुन्या जमिनीबाबत तिची योजना सरळ होती : ग्विनेथ परगणा परिषदेने ती विकत घ्यावी आणि कंपनीला भाड्याने द्यावी.

९/ तिच्यातल्याच काही सदस्यांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे असे, की १९२२ ची कंपनी कायद्याने अजून अस्तित्वात आहे. तिचे विखुरलेले समभाग आणि कर्जरोखे गोळा केले तर मालकीच हाती येईल. त्यांनी ‘ट्रॅकबेड कन्सॉलिडेशन लिमिटेड’ ही वेगळी संस्था उभारली आणि कुणाच्या तरी पेट्यांत पडून राहिलेले ते जुने कागद विकत घ्यायला आरंभ केला. रेल्वे एक, स्वप्न एक आणि दावेदार दोन.

१०/ तिसरा दावेदार पडद्याआड होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फेस्टिनिऑग कंपनीने आपले नाव गुप्त ठेवून त्याच जमिनीसाठी अवसायकाकडे बोली लावली. हेतू रेल्वे बांधण्याचा नव्हता. पोर्थमॅडॉगमध्ये दुसरी मोठी पर्यटक-रेल्वे उभी राहिली तर आपले प्रवासी विभागले जातील, ही भीती त्यामागे होती. वारसा जपणाऱ्या रेल्वेने शेजारचा वारसा उभा राहू नये म्हणून केलेली ही तजवीज होती.

११/ या बोलीचे समर्थन आजही ऐकू येते : संचालकांचे पहिले कर्तव्य आपल्या कंपनीच्या हिताचे रक्षण हेच, आणि स्पर्धेची भीती खोटी नव्हती. बाजारातील सामान्य कंपनीबाबत हा युक्तिवाद एक वेळ टिकेल. पण जिची मालकी धर्मादाय न्यासाकडे आहे आणि जिचे स्लीपर बिनपगारी माणसे बदलतात, तिच्या संचालकांना तो आधार मिळत नाही. तेथील माणूस रविवारचा घाम गाळतो तो अरुंदमापी रेल्वेंचा वारसा टिकावा म्हणून. त्याच्या श्रमातून उभे राहिलेले बळ दुसरा वारसा गाडून ठेवण्यासाठी वापरायचे असेल, तर निदान त्याला विचारणे भाग होते. गुप्त बोलीत ते शक्यच नसते.

१२/ १९९० च्या सुमारास बातमी फुटली आणि रेल्वेप्रेमींच्या जगात वादळ उठले. तेव्हा फेस्टिनिऑगने पवित्रा बदलला : मार्ग अडवण्याऐवजी तो आपणच कार्नार्वनपर्यंत पुन्हा बांधू. कर्जरोखे जमवणारी संस्था तिच्या बाजूला गेली. दुसऱ्या बाजूला ‘चौसष्ट’ आणि परगणा परिषद. कालपर्यंत मार्ग नको म्हणणारी कंपनी आज तोच मार्ग बांधू पाहते, यावर ‘चौसष्ट’च्या सदस्यांनी विश्वास ठेवावा तरी कसा? त्यांचा संशय हा हेकटपणा होता असे म्हणणे अन्यायाचे आहे.

१३/ प्रश्न केवळ जमीन विकण्याचा नव्हता. जुन्या लाइट रेल्वे आदेशातील अधिकार आणि जबाबदाऱ्या हस्तांतरित करायच्या तर मंत्र्यांचा आदेश हवा होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि १९९३ मध्ये दोन्ही पक्षांच्या अर्जांवर जाहीर चौकशी झाली. चौकशी अधिकाऱ्याचा कौल जमीन सार्वजनिक मालकीत ठेवण्याकडे, म्हणजे परिषद आणि ‘चौसष्ट’कडे झुकला. १९९४ मध्ये परिवहन मंत्री जॉन मॅकग्रेगर यांनी ती शिफारस बाजूला सारून फेस्टिनिऑगला मान्यता दिली.

१४/ पुढचा इतिहास वैभवाचा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मिलेनियम कमिशनकडून ४३ लाख पौंडांचे अनुदान मिळाले. १९९७ मध्ये कार्नार्वन ते दिनास, २००० मध्ये वाउनवॉर, २००३ मध्ये स्नोडनच्या पायथ्याचे ऱ्हीद-थी आणि २०११ मध्ये पोर्थमॅडॉग असे टप्पे गाठत सुमारे ४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. दक्षिण आफ्रिकेतून आणलेली गॅरट इंजिने आज तेथील चढ चढतात.

१५/ येथेच लबाड निष्कर्ष पुढे येतो : शेवट गोड झाला, तेव्हा आरंभ कसाही असो. हा निष्कर्ष घटनांच्या क्रमालाच धक्का देतो. गुप्त बोली गुप्त राहिली असती आणि यशस्वी झाली असती, तर ती मार्ग रोखण्यासाठीच होती. ती उघडी पडली, टीका झाली, म्हणून कंपनीला भूमिका बदलावी लागली. मार्ग उभा राहिला याचे श्रेय फेस्टिनिऑगच्या कर्तबगारीला जितके, तितकेच त्या गौप्यस्फोटालाही द्यावे लागते.

१६/ दुसऱ्या बाजूचेही माप काढायला हवे. ‘चौसष्ट’ कंपनीचे मन स्वच्छ होते, पण खिसा रिकामा. तिच्या हाती होता तो एक छोटा मार्ग. चाळीस किलोमीटरचे रूळ, पूल आणि बोगदे उभारण्याइतका पैसा कुठून येणार, याचे पटण्याजोगे उत्तर तिच्याकडे नव्हते. तिची नैतिक बाजू भक्कम होती म्हणून आर्थिक बाजू आपोआप भक्कम होत नाही. आणि फेस्टिनिऑगची क्षमता मोठी होती म्हणून तिचे वर्तन धुतले जात नाही. क्षमता आणि सचोटी ही दोन वेगळी खाती आहेत. एकातील शिल्लक दुसऱ्यात वळती करता येत नाही.

१७/ १९९८ मध्ये दोन्ही पक्षांत करार झाला. ‘चौसष्ट’ने विरोध मागे घेतला, बदल्यात पोर्थमॅडॉगकडून पाँट क्रोएसॉरपर्यंत मार्ग बांधण्यात आणि त्यावर गाड्या चालवण्यात तिला वाटा देण्याचे ठरले. तिच्या गाड्या २००७ मध्ये मुख्य मार्गावर काही अंतर धावल्याही. पण दक्षिणेकडचे बांधकाम जवळ आले तशी ती आपल्या जुन्या, छोट्या मार्गावर परतली.

१८/ हा दोष एकट्या वेल्सचा नाही. इंग्लंडमधील वेस्ट सॉमरसेट मार्गाची जमीन परगणा परिषदेने १९७३ मध्ये घेतली. पुढे ती विकण्याचा विचार निघताच गाड्या चालवणारी कंपनी आणि तिलाच साहाय्य करण्यासाठी असलेली धर्मादाय संघटना, दोघीही खरेदीदार म्हणून एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. २०१४ मध्ये परिषदेने ती कुणालाच विकली नाही. मार्च २०२१ मध्ये वेल्समधील लँगॉलेन रेल्वेची कंपनी कर्जापायी रिसीव्हरच्या हाती गेली. रेल्वे वाचली, कारण तिच्यामागे स्वतंत्र न्यास उभा होता.

१९/ तिन्ही उदाहरणांत भांडण वाईट म्हणून नुकसान झाले, असे म्हणता येत नाही. जमीन कुणाची, कर्ज कुणाच्या नावावर, संचालकांना निवडणारा कोण आणि काढणारा कोण, या प्रश्नांवर भांडावेच लागते. ते चौकशीच्या टेबलावर, टिपणी लिहिणाऱ्या कारकुनासमोर झाले तर खर्चिक असते, कंटाळवाणे असते, पण कागद मागे ठेवते. बंद दाराआड मिटवलेला वाद मात्र फक्त संशय मागे ठेवतो, आणि स्वयंसेवकांवर चालणाऱ्या संस्थेला तोटा परवडतो, संशय परवडत नाही.

२०/ म्हणून एखादी वारसा-संस्था ‘आपण सारे एक कुटुंब’ असे म्हणू लागली, की तरुणांनी वर्गणी भरण्याआधी तिचे लेखापरीक्षित हिशेब आणि घटना मागावी. कुटुंबात हिशेब मागणे अशिष्ट समजले जाते. या शब्दाची सोय नेमकी तेथेच असते. हिशेब मागणारा सदस्य वारशाचा शत्रू नसतो. १९२२ मध्ये असा एखादा सदस्य परिषदेत उभा राहिला असता, तर पाच वर्षांत रिसीव्हर बोलवायची वेळ कदाचित आली नसती.

२१/ पोर्थमॅडॉगमध्ये आजही वेल्श हायलँड हे नाव दोन स्थानकांवर वाचायला मिळते. एक बंदरावरचे, जेथून गाडी रस्ता ओलांडून डोंगरांतून कार्नार्वनला जाते. दुसरे गावाच्या दुसऱ्या टोकाला, जेथून ‘चौसष्ट’च्या वारसदारांची छोटी गाडी थोडेच अंतर जाऊन परत फिरते. एका गावात एकाच रेल्वेची दोन स्थानके का, असे कुणी विचारले तर उत्तर अभियांत्रिकीत शोधू नये. ते अवसायकाच्या कचेरीत, एका निनावी बोलीच्या कागदात आहे.

(धागा समाप्त)